"अर्धा तास पुरे" म्हणे

सकाळी बसमध्ये फोन उघडला तर आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर हा मेसेज: "किर्ककडब्राईट स्किप करा. बघायला काही नाही. अर्धा तास पुरे." खाली सतरा अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. ग्रुपवर लिहिलं तर भांडण होईल.

पहिली गोष्ट, स्कॉटलंडमधल्या त्या गावाला कर्कूब्री म्हणतात. (स्पेलिंग बघून कुणाचीही फजिती होईल, हे मान्य. मीही दोन वर्षं चुकीचंच म्हणत होते.)

दुसरी गोष्ट, अर्ध्या तासात काय बघितलंत हो? हार्बरला गाडी लावली, किल्ल्यासमोर सेल्फी, फिश अँड चिप्स, पाऊस आला, पळा. आपली माणसं गाव बघत नाहीत, गावावर टिकमार्क करतात.

आई इथे आली होती २०१९ च्या जूनमध्ये. रत्नागिरीला शाळेत चित्रकला शिकवण्यात तिचा जन्म गेला, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात. तिला कर्कूब्रीला नेलं कारण त्या गावाला 'आर्टिस्ट्स टाउन' म्हणतात. ब्रॉटन हाउसमध्ये शिरलो. हे एडवर्ड हॉर्नेल या चित्रकाराचं घर. तो जन्मला ऑस्ट्रेलियात, वाढला इथे. ग्लासगोच्या बंडखोर चित्रकारांच्या कंपूतला. १९०१ मध्ये हे घर घेतलं आणि १९३३ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. मागची बाग थेट डी नदीपर्यंत उतरते, तिच्यात जपानची हौस दिसते, कारण १८९३ मध्ये तो जपानला जाऊन राहिला होता.

त्याची चित्रं म्हणजे फुलांत बुडालेल्या लहान मुली. आई एका चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना. म्हणाली, "फुलं बघ, सुरीनं थापलीयेत, भाकरीसारखी. आणि तोंड मात्र बोटानं पुसल्यासारखं गुळगुळीत." मग जरा थांबून, "ही पोर कंटाळलीये गं. हात असा धरून ठेवायला सांगितलाय तिला. मनगट बघ."

मी तोवर घड्याळ बघत होते. किल्ला बंद होईल, चल आई.

आता तुम्ही म्हणाल, हॉर्नेल काय एवढा मोठा? मोठा वगैरे राहू दे. पुढेपुढे एकच साचा घेऊन बसला, मुली-फुलं, फुलं-मुली, कारण ते खपत होतं. फोटो काढून त्यावरून चित्रं करायचा. श्रीलंका, ब्रह्मदेश, जपान, तिथल्या मुलींचेही फोटो आणले. त्यांच्याकडे तो कशा नजरेनं बघत होता, असं आज लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. (ब्रह्मदेश ऐकून आई लगेच, "आमच्या थिबा राजाचा!" रत्नागिरीकराला सगळ्या जगातून एक वाट थिबा पॅलेसला जाते.) पण म्हणून अर्धा तास?

आणि तो एकटा थोडाच होता. जेसी किंग घ्या. पुस्तकांची चित्रं काढणारी, बाटिक करणारी, पॅरिस सोडून १९१५ मध्ये नवऱ्यासकट इथे कायमची आली. हाय स्ट्रीटवर तिचं ग्रीनगेट नावाचं घर, त्याच्या बोळातल्या छोट्या घरांत इतर चित्रकार बाया येऊन राहायच्या, काम करायच्या. त्या काळात! आपल्याकडे आजही बाईला स्वतःची खोली मागताना चार कारणं द्यावी लागतात. असो, तो वेगळा विषय.

टोलबूथ म्हणजे जुना तुरुंग, भिंतीला अजून गुन्हेगाराच्या गळ्यात अडकवायचं लोखंडी कडं लटकतंय. १७७० मध्ये जॉन पॉल जोन्स या जहाजाच्या कप्तानाला इथे कोंडलं होतं, त्याने फटके मारलेला जहाजावरचा एक सुतार पुढे मेला म्हणून. तो सुटला, अमेरिकेच्या नौदलात गेला आणि १७७८ मध्ये जहाज घेऊन परत इथेच आला, सेलकर्कच्या अर्लला, म्हणजे इथल्या उमरावाला, पळवायला. अर्ल घरीच नव्हता! खलाशांनी चांदीची भांडी उचलली, आणि पुढे जोन्सनेच ती स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन परत पाठवली. अशी गोष्ट आपल्या कुठल्या गावात असती तर एव्हाना तिचं नाटक आलं असतं.

किल्ल्यात तर मोठ्या दालनाच्या चुलाण्यामागे एक भोक आहे, मालकाला पाहुण्यांचं बोलणं चोरून ऐकायला. भिंतीला कान असतात, तो हा. आईला दाखवला. ती हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. "त्या पोरीला नाव असेल ना काहीतरी?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "मॉडेल असेल कुणीतरी." आज लिहिताना लाज वाटतेय. सतरा अंगठ्यांवर काय चिडायचं, अठरावा माझाच होता.

हो, पाऊस असतो. रेल्वे १९६५ मध्येच बंद झाली, डम्फ्रीजहून बसचे हाल काढावे लागतात. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, नदीत नुसता चिखल. मी वैतागले होते. आई बाकावर बसली, म्हणाली, "येईल की पाणी, जातंय कुठे." आणि आलं. चिखलावर आधी नुसती चकाकी सरकत आली, मग काठाच्या होड्या एकेक करून उठल्या, समोरच्या घरांचे फिके रंग पाण्यात उतरले. आई काही बोलली नाही. पर्समधून डायरी काढून बॉलपेननं मनगट काढत होती, त्या पोरीचं. तीनदा काढलं.

आत्ता तिला फोन केला, हा मेसेज वाचून दाखवला. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "अगं, तूही किल्ल्याच्या मागे लागली होतीसच की." मग म्हणाली, "ती अजून तशीच उभी असेल ना गं, हात धरून?"

म्हटलं, असेल.