किरकोळ

आम्ही २०२१ साली डोंबिवलीत फ्लॅट घेतला तेव्हा कर्जाची मुदत मी फार विचार करून ठरवली होती. पंधरा वर्षं. २०३६ मध्ये शेवटचा हप्ता आणि त्याच वर्षी ऑफिसात शाल-श्रीफळ. पुढे निवांत. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बाकीच्या बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. ही बातमी मी लोकलमध्ये उभ्याने वाचायचो आणि देशाचं कसं होणार म्हणून हळहळायचो. माझं कसं होणार ते मार्चमध्ये बँकेच्या पत्रातून कळलं. हप्ता एका रुपयानेही वाढला नव्हता. फक्त शेवटच्या हप्त्याचं साल २०४० झालं होतं. म्हणजे चार वर्षं शाल पांघरून हप्ते भरायचे आणि श्रीफळाची चटणी करून खायची.

नेमकं त्याच आठवड्यात बायकोने अठरा हजारांचं एक कपाट पसंत करून ठेवलेलं. घरात वस्तू ठेवायला जागा नाही, हे तिचं म्हणणं खरंच होतं. मी म्हटलं, कपाट घेण्यापेक्षा सामानच कमी करू. अठरा हजार वाचतील, भंगाराचे चार पैसे येतील, आणि आलोच आहोत तर बाकीच्या खर्चालाही कात्री लावू. काटकसर आणि आवराआवर या दोघी एका घरात नांदत नाहीत, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. आईला माहीत असणार. पण ती वाढलेल्या पानावरून मान वर न करता एवढंच म्हणाली, "म्हणजे पूर्वीसारखं राहायचं, एवढंच ना?"

लेकीने लगेच लॅपटॉपवर तक्ता मांडला. किराणा, दूध, वीज, गॅस, क्लास, औषधं, पेट्रोल. मागच्या महिन्यात खात्यातून गेलेली रक्कम आणि या रकान्यांची बेरीज यांत ११,३०० रुपयांचा फरक निघाला. तो तिने 'इतर' नावाच्या रकान्यात टाकला. हप्ता सोडला तर घरातला सगळ्यात मोठा खर्च 'इतर'. "इतर म्हणजे नक्की काय?" तिने विचारलं. सगळे एकदम आमटी भुरकू लागले.

काय काय बंद करायचं यावर मात्र प्रत्येकाकडे सूचना होत्या आणि एकही स्वतःबद्दल नव्हती. मी लेकीच्या मोबाईलवरच्या मालिकांच्या वर्गण्यांवर बोट ठेवलं. तिने माझ्या तीन वर्तमानपत्रांवर. बायकोने स्टेशनबाहेरचा माझा चहा आणि वडापाव काढला, तोही "डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना?" अशा आरोग्यविभागाच्या मार्गाने. आईने थेट गीझरला हात घातला. "दोन हजार वॉटचं धूड. अर्धा तास चाललं की एक युनिट खलास. आमच्या वेळी बंब होता. चार करवंट्या नि दोन ढलप्या, की अख्खं घर न्हाऊन निघायचं."

बंब आमच्याकडे होताच. माळ्यावर.

पण आधी विजेचं सांगतो. एप्रिलचं बिल ३१२ युनिटांचं आलं होतं. आमच्याकडे विजेला शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा आणि त्यापुढे तिसरा. तीनशेची रेघ ओलांडली की अख्ख्या बिलाला चढा दर लागतो, असं वॉचमनपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळे छातीठोकपणे सांगत. तसं नसतं. रेघेच्या वरच्या बारा युनिटांनाच तो लागतो. पण हा शोध लेकीने बिलाची मागची बाजू वाचून लावला, तो मे महिना संपल्यावर. तोपर्यंत आम्ही आख्खा मे डोंबिवलीत, एका खोलीत, एका पंख्याखाली काढला होता. टीव्हीचा दिवा लुकलुकतोय म्हणून आई रात्री उठून खटका बंद करायची, आणि त्या अंधारात तिचा पाय माझ्यावर पडायचा. बिल आलं २९७ युनिटांचं. जेमतेम दोनशे रुपये वाचले. त्या आनंदात, आणि खरं म्हणजे उकाड्यामुळे, आम्ही चौघं खाली जाऊन २४० रुपयांचं आइस्क्रीम खाऊन आलो.

मग मी कमी वीज खाणाऱ्या पंख्यांची चौकशी केली. साधा पंखा ७५ वॉटचा, हा २८ वॉटचा. रोज बारा तास फिरला तर अर्ध्या युनिटाहून थोडी जास्तच बचत. चार पंख्यांचे बारा हजार. "बाबा, बचत करायला आधी पैसे असावे लागतात," लेक म्हणाली. अकरावीला अर्थशास्त्र घेतलंय तिने. क्लासची फी वसूल झाली म्हणायची.

जूनच्या पहिल्या रविवारी मी माळ्यावर चढलो.

आमचा माळा म्हणजे ठाकुर्लीच्या चाळीतला माळा जसाच्या तसा उचलून आणलेला. दोन टेम्पो सामान आलं, त्यातला दीड टेम्पो वर गेला. शिडी बायकोने धरली होती, आणि आई खुर्ची टाकून खाली बसली होती, तपासनाक्यासारखी. वरून येणारी प्रत्येक वस्तू तिच्या हातून पुढे जाणार होती.

पहिलं आलं थर्मोकोल. जुन्या टीव्हीचं. तो टीव्ही जाऊन नऊ वर्षं झाली, पण दुकानदार म्हणाला होता की खोकं जपून ठेवा. मग बिनझाकणांचे चौतीस श्रीखंडाचे डबे. एका पिशवीत नुसती झाकणं, पण ती दुसऱ्याच डब्यांची. वातीचा स्टोव्ह. पाटा आहे, वरवंटा नाही. मिक्सरचं वॉरंटी कार्ड, मिक्सर नाही. दिवाळी अंकांची चळत. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघतात, आमच्या माळ्यावर १९८७ पासूनचे होते. त्यातले निम्मे मी तिथेच वाचत बसलो. खाली शिडी धरून बायको उभी आहे हे तासाभराने तिनेच लक्षात आणून दिलं. शब्द सांगत नाही.

भांड्यांपाशी खरा घोटाळा झाला. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते भांडं म्हणवत नाही. काठावर बारीक टिंबाटिंबांनी देणाऱ्याचं नाव, निमित्त आणि तारीख. बायको म्हणाली, एवढ्या वाट्या काय करायच्या, मोडीत काढू. आईने त्यातली एक उचलली, उजेडात धरली आणि चष्मा वर सरकवून वाचली. "ही माझ्या थोरल्या जाऊबाईंची. एकाहत्तर सालचं आमचं लग्न. घरातली पहिली भावजय, आणि दिलं काय, तर ही एवढीशी वाटी. ही मी टाकू? उद्या त्या म्हणाल्या, आम्ही ताट दिलं होतं, तर?" जाऊबाई जाऊन बारा वर्षं झाली. पण खटला चालू असताना पुरावा नष्ट करता येत नाही. अशा सतरा वस्तू पुरावा म्हणून परत वर गेल्या. एक पातेलं मात्र आईने स्वतःहून मोडीत टाकलं. ते आम्हीच कुणालातरी दिलं होतं आणि फिरत फिरत आमच्याकडेच परत आलं होतं.

त्याच ढिगात बाबांची हिशेबाची वही सापडली, पिवळी पडलेली, १९८४-८५ सालची. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला लाल शाईत एकच ओळ: 'आजपासून बाहेरचा चहा बंद.' असं सलग बारा वेळा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, बेरीज जुळवायला, एक मोघम रक्कम. तिच्यापुढे त्यांनी लिहिलेलं: 'किरकोळ'. लेकीने वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी वही पिशवीत घालून परत माळ्यावर ठेवली. तेवढी वही सोडून बाकी सगळं द्यायची तयारी आहे, असं मी म्हणणार होतो, पण माझ्या मांडीवर तेव्हा दिवाळी अंक होते.

कपड्यांसाठी बोहारीण आली. हल्ली त्या फारशा दिसत नाहीत, आमच्या गल्लीत अजून एक येते. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत स्टील. बायको ऑफिसात मीटिंगा चालवते, पण बोहारणीपुढे तिची जी बुद्धी चालते ती वेगळीच. चार साड्या, माझ्या पाच पॅन्टी, दोन शर्ट. बोहारीण पॅन्ट उजेडात धरून म्हणाली, "ताई, गुडघ्यात गेलीय." मी म्हटलं, कुठे गेलीय? मी तर कालच घातली होती. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आत गेलो. पाऊण तासाने अकरा कपडे देऊन एक मोठा स्टीलचा डबा घरात आला. दहा किलो तांदूळ मावतील एवढा. घड्या घातलेले अकरा कपडे कपाटाच्या एका कप्प्यात राहत होते. तो डबा कुठल्याच कप्प्यात मावला नाही. सध्या हॉलमध्ये आहे, वर पंचा टाकून. पाहुणे त्याला स्टूल समजतात.

रद्दी झाली बत्तीस किलो, तेरा रुपयांनी ४१६ रुपये. श्रीखंडाचे डबे एकदाचे गेले, तर घरात डाळी ठेवायला काही उरलं नाही. तेव्हा बायकोने ऑनलाईन एकसारखे पारदर्शक डबे मागवले, १,४९९ रुपयांना सहा. ते ज्या खोक्यात आले ते खोकं आईने नीट चपटं करून ठेवलंय. चांगलं जाड आहे म्हणाली.

राहता राहिला बंब. आजोबांनी केलेला, अस्सल तांब्याचा, खाली पितळी तोटी. पोटावर आजोबांचं नाव, गाव आणि 'सन १९५८'. फ्लॅटमध्ये तो पेटवायचा कुठे? बाथरूममध्ये धूर झाला तर वरचे लोक अग्निशमन दलाला फोन करतील. मला वाटलं, आई बंबाला हात लावू देणार नाही. पण ती म्हणाली, "द्या. गीझर आहे ना आता." ज्यांना मराठी आया आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल. मला कळला नाही. भंगारवाला आला. आठ किलो भरला, आतल्या लोखंडी जाळीची घट म्हणून अर्धा किलो वजा, साडेसात किलोला साडेपाचशेने ४,१२५ रुपये. लेकीने हिरव्या रंगात नोंद केली. आमच्या मोहिमेतली ती सगळ्यात मोठी कमाई. त्या रात्री आई दूध न पिता झोपली.

बंब सोसायटीच्या फाटकाबाहेर गेलाच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तो हातगाडीवर पाहिला आणि सहा हजारांना उचलला. हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, त्यांनी नव्या फर्निचरसाठी चहाला बोलावलं तेव्हा. सोफ्यासमोर, खास दिवा सोडलेल्या कोपऱ्यात आमचा बंब. वरच्या तोंडातून मनी प्लांट बाहेर आलेला. "अँटिक आहे," काकू म्हणाल्या. "पोटावर कोणाचं तरी नाव पण आहे जुन्या काळचं." मी बिस्किट चहात बुडवून ठेवलं ते तळाला गेलं. बायकोने पडद्यांचं कौतुक सुरू केलं. आई उठली, बंबापाशी गेली, आजोबांच्या नावावरून अंगठा फिरवला आणि मागे वळून म्हणाली, "काळा पडलाय. कशाने घासता?"

काकूंनी कोरड्या फडक्याने पुसत असल्याचं सांगितलं. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जाऊबाईंच्या वाटीच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

आता दर गुरुवारी दुपारी आई दुसऱ्या मजल्यावर जाते. वाटीत भिजवलेली चिंच, पुडीत मीठ, खांद्यावर फडकं. तास-दीड तास बंब घासते. काकू तिला चहा देतात, मनी प्लांटची कुंडी तेवढा वेळ खाली उतरवून ठेवतात. बंब असा लखलखतोय की काकूंच्या सूनबाईंनी त्याचे फोटो काढून कुठे कुठे टाकलेत. वाटी अर्थात आमची. जाऊबाईंची.

परवा महिनाअखेर लेक तक्ता घेऊन बसली होती. 'इतर' या वेळी १०,९५० वर आला होता. तिने दुकानाचं बिल उचललं. "आजी, अर्धा किलो चिंच कशात टाकू? आपण आमटीला तर आमसूल वापरतो. किराणा की इतर?"

आईने फडकं झटकून दोरीवर टाकलं. "किरकोळ लिही," ती म्हणाली.