तळाच्या शिक्क्यावरून चिनी बशीचे वय ठरत नाही

‘घरातली निळी-पांढरी चिनी बशी उलटी करून पाहा. तळाशी चिनी राजाच्या नावाचा शिक्का असेल आणि टिचकी मारल्यावर घंटेसारखा नाद येत असेल, तर ती तीनशे वर्षांपूर्वीची व लाखोंची. इंग्रजीत ‘चायना’ लिहिलेले असेल तर नकली,’ अशा आशयाचा मजकूर सर्वत्र फिरतो आहे. सोबत लंडनच्या लिलावातील किमतीही दिलेल्या असतात. त्यावर विसंबून खरे जुने भांडे मातीमोल जाऊ शकते आणि नकलेसाठी पैसे मोजले जाऊ शकतात, म्हणून हे उत्तर.

सर्वांत मोठी चूक शिक्क्याबाबत आहे. चीनमधील जिंगदेजन या गावच्या भट्ट्यांतून सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपकडे गेलेल्या बहुतेक मालावर राजमुद्रा नसतेच, कारण ती भांडी दरबारासाठी नव्हे, व्यापारासाठी बनत होती. १६७७ साली तर तेथील अधिकाऱ्याने भांड्यांवर राजाचे नाव लिहिण्यास मनाई केली होती. त्यामुळे कांगशी राजवटीतील (१६६२-१७२२) अनेक अस्सल भांड्यांच्या तळाशी रिकामे दुहेरी वर्तुळ किंवा एखादे पान दिसते, आणि कित्येकांवर चक्क दोन शतकांपूर्वीच्या छंगह्वा राजवटीचे (१४६५-१४८७) नाव असते. त्यामागे फसवणुकीचा हेतू असेलच असे नाही. पूर्वजांच्या कारागिरीला दिलेला तो मान होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच कांगशीच्या वाट्याला आले आणि नव्या बरण्यांवर त्याचे नाव उमटू लागले. म्हणजे शिक्क्याची कसोटी लावली की खरी निर्यात-भांडी बाद होतात आणि नंतरच्या नकला उत्तीर्ण होतात.

मग पाहायचे काय? बशी उलटी जरूर करावी, पण नजर अक्षरांवर न ठेवता बुडाच्या गोल कड्यावर ठेवावी, कारण तिथे झिलई नसते आणि मूळ माती उघडी दिसते. झिलई जिथे संपते तिथे मातीतल्या लोहामुळे भट्टीत उमटलेली बारीक नारिंगी-तपकिरी रेषा अनेकदा सापडते. मिंग राजवटीच्या (१३६८-१६४४) अखेरीस निर्यात झालेल्या, कप्पे पाडून रंगवलेल्या ‘क्राक’ थाळ्यांच्या कड्याला भट्टीतली वाळू चिकटलेली असते, तळावर चाकावरच्या हत्याराने पडलेल्या मध्यातून निघणाऱ्या रेघा असतात, आणि काठावरची झिलई बारीक बारीक उडालेली असते. नारिंगी रेषा रंग फासूनही आणता येते. म्हणून कोणतीही एक खूण पुरेशी मानू नये, सगळ्या खुणा एकाच काळाकडे बोट दाखवतात का, हे पाहावे. अस्सल निर्यात-भांडी हातात घेऊन पाहण्याची संधी क्वचित मिळते. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी आहेत, ती पाहून नजर तयार होते.

टिचकीचा नाद फक्त भांड्याला तडा नाही एवढेच सांगतो. कालच्या कारखान्यातली बशीही तसाच नाद देते आणि केसाएवढा तडा गेलेली अठराव्या शतकातली बशी देत नाही.

‘चायना’ हा शब्द नकलीपणाचा पुरावा नाही. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले आणि ती अट १८९१ पासून लागू झाली. म्हणजे असे भांडे बहुधा त्यानंतरचे, पण ते शंभर वर्षांहून जुने असू शकते. शब्द नाही म्हणून भांडे त्याआधीचे, हा उलटा तर्कही चालत नाही, कारण इतर देशांकडे जाणाऱ्या मालाला ती अट नव्हती.

पूल, विलोचे झाड आणि दोन पक्षी असलेली नक्षी ‘प्राचीन चिनी’ म्हणून सांगितली जाते, तीही अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चिनी नमुन्यांवरून रचली गेली. भिंगातून पाहिल्यास कुंचल्याच्या फटकाऱ्यांऐवजी छपाईच्या रेघा, ठिपके व जोड दिसले, तर ती बशी बहुधा इंग्लंडची असते.

आता किमतीबाबत. वय म्हणजे किंमत नव्हे. १७५२ च्या जानेवारीत बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सन’ या डच जहाजावरची सुमारे दीड लाख भांडी १९८५ मध्ये वर काढून पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅमला लिलावात विकली गेली. पावणेतीनशे वर्षे जुने असूनही त्यातले साधे चहाचे वाटी-बशी आजही माफक किमतीत मिळतात, कारण तसे नग हजारोंनी आहेत. भाव चढतो तो दुर्मीळ आकाराला, युरोपीय घराण्याच्या चिन्हासह खास मागवलेल्या संचाला, आणि अखंडतेला. दुर्मीळ थाळीच्या काठाचे टवके संग्राहक सोसतात. सामान्य बशीचा एक तडाही तिची किंमत खाली ओढतो.

आणि लंडनचे आकडे भारतातल्या घरमालकाला लागू होतच नाहीत. पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या व्यापारासाठी परवाना लागतो. त्यामुळे बशी खरोखर जुनी ठरली, तर तिचा भाव इथल्या परवानाधारक विक्रेत्यांच्या आणि लिलावांच्या व्यवहारांवरूनच काढावा लागेल.