पडदा कुणाचा, हे आधी सांगा

माझा धंदा काजूचा. सिंधुदुर्गातली बी कारखान्याला वर्षभर पुरत नाही, म्हणून पश्चिम आफ्रिकेतली कच्ची बी आणावी लागते. तिथला हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच, दर विषम साली, बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू सिनेमाच्या नादाने येडी झालेली असते. हॉटेलात खोली मिळत नाही, टॅक्सीवाला तोंडाला येईल ते मागतो, ज्याची सही हवी तो साहेब जागेवर नसतो. 'फेस्पाको' या तिथल्या आफ्रिकी चित्रपट महोत्सवाचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते असं, धंद्यातली एक कटकट म्हणून. मग एका संध्याकाळी काम लवकर आटपलं. बी कापून बघायला आमच्याबरोबर असणारा तिथला जोडीदार म्हणाला, चल, तिकीट काढतो. गेलो. तेव्हापासून हंगाम आणि महोत्सव जुळले की जातोच.

सध्या आपल्या फेसबुकवर मराठी सिनेमाला स्क्रीन मिळत नाहीत यावरून पुन्हा जुंपलीय, म्हणून हे लिहायला बसलो. लांबेल, चहा घेऊन वाचा.

वागाडुगूत हा महोत्सव 1969 साली सुरू झाला. तेव्हा देशाचं नाव अप्पर व्होल्टा. फ्रेंच जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती. पाच आफ्रिकी देशांचे चित्रपट, एवढाच पसारा. पण त्यामागचं दुखणं मोठं होतं. फ्रेंच वसाहती होत्या तेव्हा आफ्रिकी माणसाने कॅमेरा हातात घ्यायचा तर सरकारची परवानगी लागायची. 1934 सालचा तसा हुकूमच होता. स्वातंत्र्य आलं, हुकूम गेला, पण थिएटरं आणि चित्रपटांचा पुरवठा कोमासिको आणि सेक्मा या दोन फ्रेंच कंपन्यांच्याच हातात राहिला. नुसत्या अप्पर व्होल्टात नव्हे, फ्रेंच बोलणाऱ्या जवळजवळ सगळ्या पश्चिम आफ्रिकेत. त्या कंपन्या अमेरिकेचे, फ्रान्सचे जुने चित्रपट आणायच्या, इजिप्तचे आणायच्या, आणि हो, आपले हिंदीही. त्याच देशातल्या बोबो-द्युलासो शहराच्या बाजूला म्हातारी माणसं अजून मला बघून हिंदी गाण्याची ओळ गुणगुणतात. मला बरं वाटतं, पण त्याचा दुसरा अर्थ असा की त्याच पडद्यावर त्यांच्या स्वतःच्या भाषेतलं गाणं वाजायला जागाच नव्हती.

पहिला महोत्सव झाला, लोकांनी पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं पडद्यावर पाहिली. आणि वर्षभरात, 1970 च्या जानेवारीत, पैशांवरून त्या कंपन्यांशी सरकारचं वाजलं तेव्हा जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक असलेल्या या देशाने सरळ थिएटरांचं राष्ट्रीयीकरण करून टाकलं. कंपन्यांनी चित्रपट पुरवणं बंद केलं. थिएटरं ताब्यात, पण लावायचं काय? शेवटी पुरवठ्यासाठी त्यांच्याशीच तडजोड करावी लागली. तरी तिकिटाच्या पैशातला काही भाग देशातल्या चित्रपटांसाठी बाजूला पडू लागला, आणि 1972 मध्ये महोत्सवाला फेस्पाको हे नाव आणि बक्षीस दोन्ही मिळालं.

आता आपल्याकडचं साल आठवा. 1971. दादरचं कोहिनूर थिएटर, दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या', आणि तो लागावा म्हणून रस्त्यावर उतरलेली शिवसेना. वागाडुगू आणि दादर, एका वर्षाच्या अंतराने, भांडण तेच. तिथे ते कायद्याने सोडवायचा प्रयत्न झाला, इथे मोर्च्याने. मोर्च्याने 'सोंगाड्या' चालला, तुफान चालला. पुढच्या चित्रपटाच्या वेळी मोर्चा पुन्हा काढावा लागतो, ही मोर्च्याची अडचण. 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवा म्हटलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते बहुतेकांना आठवत असेल. आजही दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी दिग्दर्शक हात जोडून व्हिडिओ टाकतो, सकाळी नऊचा शो दिलाय हो, कोण येणार?

आपल्याकडे महोत्सव कमी आहेत असंही नाही. गोव्यात 2004 पासून इफ्फी येतो, पुण्या-मुंबईत होतात, आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ लागलेत. माझा मुद्दा एवढाच आहे की आपल्याकडे स्क्रीनसाठी भांडणारी माणसं वेगळी आणि महोत्सवाला जाणारी वेगळी. त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. महोत्सववाल्याच्या गळ्यात कार्ड असतं, हातात झोळी असते, त्याला इराणचा दिग्दर्शक माहीत असतो. तालुक्याचं थिएटर पाडून तिथे कपड्याचं दुकान आलं हे त्याच्या गावी नसतं. आणि जो थिएटरवर दगड मारायला जातो तो महोत्सवाच्या दारातून आत येत नाही, त्याला कुणी बोलावतही नाही. वागाडुगूत ही दोन कामं एकाच घरात जन्मली.

म्हणूनच तिथलं थिएटर बघण्यासारखं असतं. शहराच्या मध्यात सिने बुर्किना आहे. बाहेर शेकडो मोपेड, प्रत्येकीला चिठ्ठी लावणारा पोरगा, हरमाटान वाऱ्याने आणलेली लाल धूळ सगळ्यांच्या केसांत. रांगेत शाळामास्तर, शिपाई, भाजीवाली, फ्रान्सहून आलेला समीक्षक आणि मी. कार्डवाले असतात, पण तिकीटवाल्यांच्या गर्दीत ते हरवून जातात. 2025 च्या खेपेला आम्ही दानी कुयाते यांचा 'कटांगा' पाहिला. शेक्सपिअरचा 'मॅकबेथ', तिथल्या मूरे भाषेत, काळ्यापांढऱ्या रंगात. राजाचा खून व्हायच्या बऱ्याच आधी मागच्या रांगेतली एक बाई मोठ्याने काहीतरी बोलली आणि थिएटर फुटलं. मी जोडीदाराला कोपराने ढोसलं. तो म्हणाला, ती त्याला सांगतेय, बायकोचं ऐकू नको रे, मरशील! त्यानंतर अर्धं थिएटर पडद्याशी बोलत होतं. आमच्याकडे दशावतारात संकासुराला पुढे बसलेल्या बायका जशा उत्तरं देतात, अगदी तस्सं. आपल्या एखाद्या महोत्सवात असं कुणी बोललं असतं तर चार माना मागे वळून 'शूऽऽ' झालं असतं.

त्याच 'कटांगा'ला सर्वोच्च बक्षीस मिळालं, सोनेरी घोडा. 1997 नंतर पहिल्यांदाच तो यजमान देशाकडे आला, त्यामुळे रस्त्यावर काय चाललं असेल कल्पना करा. आणि हे दानी कुयाते कोण? सोतिगी कुयाते यांचा मुलगा. नाव ओळखीचं वाटत नसेल, पण चेहरा तुमच्यातल्या काहींनी नक्की पाहिलाय. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुकच्या 'महाभारता'तले भीष्म! उंच, काटकुळे, खोल गेलेल्या डोळ्यांचे. तरुणपणी देशाच्या फुटबॉल संघातून खेळलेला हा माणूस ग्रिओ घराण्यातला, म्हणजे पिढ्यान्पिढ्या राजांच्या वंशावळी आणि कथा तोंडपाठ ठेवून गाणाऱ्यांचा. ब्रुकने भीष्म म्हणून आफ्रिकी नट घेतला यावर तेव्हा आपल्याकडे काहींनी नाकं मुरडली होती. मला विचाराल तर कुलाची कथा सांगायचं ज्याचं पिढीजात काम, त्याच्याइतका भीष्म शोभणारा दुसरा कोण?

संध्याकाळनंतर महोत्सवाच्या आवारात बाजार भरतो. सगळीकडून बालाफोन आणि जेंबे ऐकू येतात, भाजलेल्या मटणाचा धूर, ज्वारीची दोलो नावाची बिअर, हातमागावरचं फासो दान फानी कापड. हे कापड सरकारी नोकरांनी वापरावं असा आग्रह तोमा सांकारांनी धरला होता. 1984 मध्ये देशाचं नाव बदलून बुर्किना फासो करणारे तेच, 1987 मध्ये मारले गेले तेही तेच. फेस्पाको एवढा मोठा झाला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. एका सकाळी सिनेमावाले चौकातल्या चित्रपटकारांच्या स्मारकाजवळ जमतात आणि गेलेल्या सोबत्यांसाठी जमिनीवर पाणी ओततात. दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांचं नाव तिथे निघतंच. सेनेगलच्या कोळ्याचा मुलगा, मार्सेच्या बंदरात हमाली केलेला. सिनेमाला तो लोकांची रात्रशाळा म्हणायचा.

आता दुसरी बाजू. सगळं आलबेल असतं तर मी पोस्ट लिहिली नसती, तिकडेच घर घेतलं असतं.

बक्षिसाचा तो घोडा आहे यनेंगा राजकन्येचा. मोसी लोकांची ही मूळ माता, घोड्यावर बसून लढणारी. ट्रॉफीवर बाई आहे आणि आजवर सोनेरी घोडा एकाही बाईला मिळालेला नाही. 2023 मध्ये दिग्दर्शिका आपोलिन त्राओरे यांच्या 'सिरा'ला रुपेरी घोड्यावर समाधान मानावं लागलं. तो चित्रपट अतिरेक्यांनी पळवून नेलेल्या मुलीचा आहे आणि देशातल्या हिंसाचारामुळे त्याचं चित्रीकरण शेजारच्या देशांत नव्हे, पार मॉरिटानियात करावं लागलं.

थिएटरांचीही कहाणी गोड नाही. राष्ट्रीयीकरणानंतर थिएटरं ज्या सरकारी कंपनीकडे गेली ती पुढे बुडाली, थिएटरं एकामागून एक बंद पडली. बोबोचं सिने गिंबी नावाचं जुनं थिएटर पडलं. ते पुन्हा उभं करायला तिथल्या सिनेमावाल्यांनी आणि लोकांनी वर्गणी काढली. महोत्सवाच्या आठवड्यात वागाडुगूत पाय ठेवायला जागा नसते, बाकीची दोन वर्षं त्यातले कित्येक चित्रपट तिथल्याच लोकांना दिसत नाहीत. म्हणजे राष्ट्रीयीकरण हा काही रामबाण नव्हता, आणि कुणी आपल्याकडे तसं करा म्हणालं तर मीच आधी विरोध करीन. पण बघा, थिएटर पडलं तेव्हा वर्गणी द्यायला लोक होते. वर्षानुवर्षं तिकीट काढून आपला सिनेमा बघायची सवय लागली होती, म्हणून ते पुढे आले. आमच्या बाजूची थिएटरं पडली तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही. मी पण नाही विचारलं.

धंद्यातही तेच चाललंय, म्हणून मला हे चांगलं कळतं. तिथली सरकारं आता म्हणतात, बी कच्ची कशाला विकता, इथेच फोडा, गर विका. माझ्या कारखान्याच्या पोटावर पाय येतो, मी कुरकुरतो. पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच की तिथे 2022 पासून लष्कराची राजवट आहे आणि तुम्ही कसलं कौतुक करताय. बरोबर आहे. बोलायची मोकळीक नाही, उत्तरेकडे जायची तर सोयच नाही, मीही ठरलेल्या रस्त्याने जातो-येतो. पण सेनापती राजाला मारून गादीवर बसतो आणि मग त्याला झोप येत नाही, ही गोष्ट त्या राजवटीत तिथल्या बोलीभाषेत भर थिएटरात लागली, आणि पहिलं बक्षीसही तिलाच गेलं. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

तर माझी सूचना साधी आहे. महोत्सवात गाजलेला एखादा मराठी चित्रपट घ्या आणि तालुक्याच्या नाट्यगृहात आठवडाभर लावा, रोज एक खेळ, परवडेल असं तिकीट, दिग्दर्शक एक दिवस हजर. स्क्रीनसाठी भांडणाऱ्या संघटनांनी तिकिटं खपवायची, फिल्म सोसायटीवाल्यांनी चित्रपट निवडायचे. दोघांनी भांडत का होईना, एका टेबलावर बसायचं. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, कुठेही चालेल. कुणी पुढे येणार असेल तर इनबॉक्स करा, प्रोजेक्टरचं भाडं माझ्याकडे लागलं. अट एकच, फुकट पास वाटायचे नाहीत, मला धरून कुणालाच.