शंभराच्या नोटेचा हिशेब आणि काढून टाकलेला स्कॅनर

सांगलीच्या मामाने दुकानातला क्यूआर स्कॅनर काढून टाकला. कारण काय, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज: ‘शंभराची नोट लाख वेळा फिरली तरी शंभराचीच राहते. ऑनलाइन दिले तर दर वेळी अडीच रुपये कटतात, लाख व्यवहारांत बँका अडीच लाख खातात. यूपीआयवरही आता १.१ टक्के लागतात. दुकानदार वाचवा, रोखच द्या.’ वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या मजकुरापायी घरच्या माणसाचं गिऱ्हाईक तुटायला लागलं, म्हणून हे लिहितोय.

आधी ते अडीच लाख. शंभराची नोट लाख वेळा फिरली म्हणजे एक कोटीची उलाढाल झाली. एक कोटीवर अडीच लाख म्हणजे अडीचच टक्के! एका बाजूला एकाच नोटेची किंमत धरायची आणि दुसऱ्या बाजूला लाख व्यवहारांची बेरीज, की आकडा भयानक दिसणारच. शिवाय यात प्रत्येक व्यवहार क्रेडिट कार्डाचा धरलाय. मामा दूधवाल्याला फोनवरून पैसे पाठवतो तेव्हा अडीच रुपये कोण कापतं? कोणीही नाही.

आणि खरं नुकसान इथेच आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला फी शून्य आहे. ही बँकेची मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात त्यासाठी कलम १०अ घातलं गेलं: या मार्गांनी पैसे देणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून बँकेने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कसलंही शुल्क घ्यायचं नाही. म्हणजे ज्याला दमडी लागत नाही तेच मामाने काढलं आणि जिथे खरोखर पैसे कटतात ते कार्डाचं मशीन काउंटरवर तसंच ठेवलं.

१.१ टक्क्याची बातमी मार्च २०२३ ची. ते शुल्क वॉलेटमधून (ॲपमध्ये आधीच भरून ठेवलेल्या पैशांतून) दुकानदाराला दिलेल्या दोन हजारांवरच्या रकमेपुरतं होतं. खात्यातून खात्यात जाणारे पैसे फुकटच आहेत, हे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. विषय संपला.

आता मेसेजमधलं जेवढं खरं, तेवढं मान्य करतो. क्रेडिट कार्डाची फी छोट्या दुकानदाराला बोचते. तिच्यावर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. बँक ठरवेल तो दर. तीन हजारांच्या किराण्यावर २ टक्के धरले तर ६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७० रुपये ८० पैसे. मालावर ५ टक्के सुटत असतील तर दीडशेतले जवळपास निम्मे गेले. यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातूनच कार्डवाल्याला रिवॉर्ड पॉइंट मिळतात. दुकानदाराने तो खर्च भावात मिसळला, की रोख देणारी मावशीही त्या पॉइंटांचे पैसे भरते. हे अन्यायाचं आहे, यावर जरूर बोला. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कोणी मोठं बिल भरलं तर तिथेही फी लागू शकते, हेही खरं. पण त्यासाठी अख्खा स्कॅनर काढायचा?

‘कार्डाने दिलं तर दोन टक्के जास्त द्यावेच लागतात, बँकेचा नियम आहे’ हे त्या मेसेजचं शेपूट. डेबिट कार्डापुरतं तरी हे साफ खोटं आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकानुसार ही फी ग्राहकावर ढकलता येत नाही. त्याच परिपत्रकात २० लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या दुकानाला मशीनवरच्या डेबिट कार्डासाठी जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यावरच्याला ०.९० टक्के अशी मर्यादा आहे; रुपे डेबिट कार्डाला तर वर सांगितल्याप्रमाणे तेवढीही फी नाही.

म्हणून मामा, आणि मामासारख्या सगळ्यांना सांगणं एवढंच: स्कॅनर आजच परत लावा. मग मशीनचं महिन्याचं स्टेटमेंट काढा. त्यात डेबिट आणि क्रेडिटचे दर वेगळे लिहिलेत का आणि उलाढाल २० लाखांच्या आत असूनही तुम्हाला मोठ्या दुकानाचा दर लावलाय का, ते बघा. लावला असेल तर बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.