शेवाळ प्यायल्याने माणूस उन्हावर जगत नाही

गेले पंधरा दिवस आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवला, इथून तो कुडाळ-वेंगुर्ल्याकडे गेला आणि तिकडून तिघांमार्फत पुन्हा माझ्याकडेच आला. म्हणणं थोडक्यात असं: हिरव्या शेवाळातला हरितलवक (पेशीतला उन्हावर अन्न बनवणारा हिरवा भाग) हा स्वतंत्र जीव आहे, त्याला लागणारी सगळी प्रथिनं तो स्वतःच बनवतो. म्हणून ताजं शेवाळ रोज उपाशीपोटी घेतलं तर हरितलवक आपल्या पेशींत वस्तीला येतात आणि उन्हातून शरीरात अन्न तयार होतं. पुराव्याला एक समुद्री गोगलगाय आणि एक जपानी प्रयोग. वर "शेवाळातलं प्रथिन न कापलेलं, अखंड असतं" हा मसाला. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मी दुर्लक्षच करणार होतो. पण परवा शेजारचे तात्या विहिरीच्या पायऱ्यांवरचं हिरवं खरवडून, तांब्याभर पाण्यात कालवून घेऊन आले. म्हणाले, "मास्तरानू, ह्यां खरां काय?" इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर या प्रश्नाला नुसती मान हलवून भागत नाही. म्हणून त्या मजकुरातलं एकेक वाक्य घेतो.

"हरितलवक आपली सगळी प्रथिनं स्वतः बनवतो."

यात एक दाणा खरा आहे, म्हणून तर बाकीचं पीठ खपतं. शंभर कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी एका पेशीने नीलहरित जिवाणू आत घेतला, तो पचला नाही, तिथेच राहिला. आजचे हरितलवक त्याचेच वंशज. त्यांच्यात स्वतःचा डीएनए आहे, प्रथिनं जोडणारे रायबोझोम आहेत, काही प्रथिनं तिथेच बनतात.

पण काहीच. प्रयोगशाळांचं लाडकं हिरवं शेवाळ म्हणजे क्लॅमिडोमोनास. एका पेशीचा जीव, पोहायला चाबकासारख्या दोन कशाभिका, आणि पेल्याच्या आकाराचा एकच मोठा हरितलवक. या हरितलवकाच्या डीएनएत प्रथिनांची जनुकं सुमारे ७०. त्याला प्रत्यक्षात लागणारी प्रथिनं हजाराहून जास्त. मोकळे जगणारे नीलहरित जिवाणू आजही तीन हजारांच्या आसपास जनुकं बाळगतात. हरितलवकाकडची बरीचशी पिढ्यान् पिढ्या पेशीच्या केंद्रकाकडे गेली आणि काही कायमची हरवली. म्हणजे दहातली नऊहून अधिक प्रथिनं बाहेर, पेशीद्रवात बनतात आणि मग आत न्यावी लागतात. स्वतंत्र जीव कसला, रोजच्या डाळ-तांदळासाठी शेजारच्या दारात उभा असलेला माणूस आहे हा.

हे कळलं ते याच क्लॅमिडोमोनासमुळे. हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) आठ मोठ्या आणि आठ छोट्या उपघटकांचं असतं. मोठ्याचं जनुक हरितलवकात, छोट्याचं केंद्रकात. एकाच यंत्राचे अर्धे भाग घरात आणि अर्धे परगावी! १९७७ मध्ये डॉबरस्टाइन, ब्लोबेल आणि चुआ यांनी छोटा उपघटक परीक्षानळीत बनवून पाहिला, तर तो असायला हवा त्यापेक्षा मोठा निघाला. पुढे एक जादा शेपूट होतं आणि शेवाळाच्याच पेशीरसाने ते छाटलं. पुढच्या वर्षी दिसलं की पूर्ण बनून तयार झालेलं असं प्रथिन बाहेरून दिलं तरी वाटाण्याचे अख्खे हरितलवक ते आत घेतात आणि छाटतात. प्रथिनांना असे पत्ते असतात हे दाखवल्याबद्दल ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

ते शेपूट म्हणजे पत्ता. देवगडहून वाशीला निघालेल्या हापूसच्या पेटीवर असतो तसा. हरितलवकाच्या बाहेरच्या पटलात, म्हणजे आवरणात, 'टॉक' नावाचं दार आहे, आतल्या पटलात 'टिक'. बाहेरचं दार पत्ता वाचतं, जीटीपी आणि एटीपी ही पेशीची इंधनं खर्ची पडतात, आणि माल आत ओढला जातो. मात्र पेटीचा दाखला इथेच सुटतो, कारण प्रथिन घडी घातलेलं असेल तर या दारांतून जात नाही. ते उलगडून, दोऱ्यासारखं सरळ करून ओवावं लागतं, आणि तोवर त्याची गाठ बसू नये म्हणून मदतनीस प्रथिनं त्याला धरून असतात. आत स्ट्रोमात, म्हणजे हरितलवकाच्या आतल्या द्रवात, पोचताच एक विकर पत्ता कापून टाकतं आणि मग प्रथिनाची खरी घडी बसते.

मला स्वतःला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. क्लॅमिडोमोनासमधले हे पत्ते आखूड असतात आणि तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) पत्त्यांसारखे दिसतात. एकाच वाडीत दोन सावंत असावेत तसे. तरी माल बहुतेक वेळा बरोबर दारी पोचतो.

"शेवाळातलं प्रथिन अखंड, न कापलेलं असतं."

उलट, कापल्याशिवाय तिथलं कामच चालत नाही. प्लास्टोसायनिन घ्या. तांब्याचा एक अणू धरून इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं हे छोटं प्रथिन थायलॅकॉइडच्या, म्हणजे हरितलवकातल्या चपट्या पिशव्यांच्या, आतल्या पोकळीत राहतं. त्याला दोन पत्ते, एकामागे एक. पहिला स्ट्रोमात कापला जातो, तेव्हा दुसरा उघडा पडतो. तो थायलॅकॉइडचं पटल ओलांडायला लागतो आणि पलीकडे गेल्यावर तोही कापतात. तिथल्या वाटाही निरनिराळ्या: एका वाटेने उलगडलेली प्रथिनं जातात, दुसरीने घडी घातलेलीही जाऊ शकतात, आणि हरितद्रव्य धरणाऱ्या प्रथिनांना पटलात रोवण्याची तिसरीच सोय आहे.

प्रकाश वापरून पाणी फोडणाऱ्या यंत्रातलं डी-१ हे प्रथिन तर खुद्द हरितलवकातच बनतं, तरी त्याचं मागचं टोक छाटावं लागतं. सेनेडेस्मस या हिरव्या शेवाळाचा एक उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेला) प्रकार ही छाटणी करू शकत नाही. त्यात पाणी फोडणारा मँगनीजचा गुच्छ नीट बसत नाही आणि ऑक्सिजन निघत नाही. अखंड प्रथिन, बंद कारखाना.

"एकदा वस्तीला आला की हरितलवक कायम टिकतो, ऊन जितकं जास्त तितका तरतरीत."

ऊनच त्याला मोडतं. डी-१ प्रकाशाने सतत खराब होतं, कडक उन्हात काही तासांतच बदलावं लागतं. खराब झालेलं कुरतडून काढणारी विकरं, नव्याचं टोक छाटणारं विकर, ही सगळी जनुकं क्लॅमिडोमोनासच्या केंद्रकात. तात्यांच्या पेशीत शेवाळाचं केंद्रक नाही. म्हणजे घटकाभर मानलं की हरितलवक तिथवर पोचला, तरी त्याची दुरुस्ती कोण करणार? आणि नवी दारं, टॉक-टिकचे भाग? त्यांतलेही बहुतेक केंद्रकाकडूनच यायचे.

"दोन आवरणं असल्याने पोटातलं आम्ल त्याला काही करत नाही."

आवरणं मेदाची आणि प्रथिनांची. पोट आणि आतडं ज्या दोन गोष्टी रोज पचवतात, नेमक्या त्याच. टाकळ्याची किंवा माठाची भाजी आपण आयुष्यभर खातोय, अजून कोणी हिरवं झालेलं नाही.

"समुद्री गोगलगाय करते, मग माणूस का नाही?"

एलिसिया क्लोरोटिका ही अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची गोगलगाय व्हॉशेरिया नावाचं शेवाळ शोषते आणि त्याचे हरितलवक आतड्याच्या पेशींत महिनोन् महिने ठेवते. हे खरं आहे आणि विलक्षण आहे. पण व्हॉशेरिया हिरव्या शेवाळांच्या कुळातलंच नाही. शेवाळाची जनुकं गोगलगायीच्या डीएनएत गेली असावीत असा २००८ चा तर्क पुढे तिच्या अंड्यांचा डीएनए तपासल्यावर टिकला नाही. २०१४ मध्ये तिच्या जातभाईंना अंधारात उपाशी ठेवलं, तर त्या उजेडातल्यांइतक्याच तगल्या. उन्हावर जगतात हे म्हणणं गोगलगायीबाबतही ढिलं पडलंय. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांवर हिरव्या शेवाळाचे पातळ पापुद्रे पसरलेले असतात. त्यावर चरणारे बहुतेक जीव ते मुकाट पचवतात.

"जपानमध्ये सिद्ध झालंय."

२०२४ चा तो प्रयोग मी उत्सुकतेने वाचला. लाल शेवाळाचे हरितलवक, बशीत वाढवलेल्या हॅमस्टरच्या पेशी. आत गेलेल्या हरितलवकांत प्रकाशावर चालणारी क्रिया सुमारे दोन दिवस दिसली, मग ते मोडत गेले. कोणी काही प्यायलं नव्हतं. दोन दिवसच का, याचं संभाव्य उत्तर वर आलंच आहे: आतला साठा संपला, नवा माल येईना.

एवढं सांगून मी तात्यांच्या तांब्याकडे वळलो, कारण खरी काळजी तिथे होती. विहिरीवरचं सगळं हिरवं काही हिरवं शेवाळ नसतं. त्यात नीलहरित जिवाणू असू शकतात, आणि त्यांच्यातले काही मायक्रोसिस्टिन हे यकृताला बाधणारं विष बनवतात. पाणी उकळून ते जात नाही.

तात्यांनी तांब्या माडाच्या आळ्यात ओतला. पायऱ्या मात्र बुळबुळीत झाल्यात, रविवारी दोघांनी मिळून त्या घासायच्या ठरल्यात.