सल्ला ६ महिन्यांचा, रजा १४ आठवड्यांची

बाळाला पहिले ६ महिने फक्त आईचंच दूध मिळावं, यासाठी 'आयांमध्ये जागृती हवी' असं सांगून स्तनपानावरचा एक लेख थांबतो, ते पटलं नाही. बहुतेक आयांना हे ठाऊक असतं. अडतं ते कामावर परतल्यावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा करार क्र. १८३ किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा सांगतो, म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने, आणि त्यातलेही काही दिवस अनेकींचे बाळंतपणाआधीच संपतात. पुढे काय? त्याच करारात दूध पाजण्यासाठी रोज पगारी वेळ द्यावा असंही आहे. पण बाळ घरी असेल तर त्या वेळात आईने दूध काढायचं कुठे? स्वच्छतागृहात, उभ्याने? कडी लागणारी खोली, एक खुर्ची, हात धुवायला पाणी आणि दूध ठेवायला फ्रीज, एवढं तरी कायद्याने सक्तीचं करा. वेळेवर दूध काढलं नाही की छाती दगडासारखी होते, आणि हळूहळू दूधच कमी येऊ लागतं. मग पावडरचा डबा येतो.

आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी १९८१ ला केलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार, म्हणजे नियमावलीनुसार, या डब्यांची जाहिरात करायची नाही, आयांना फुकट नमुने द्यायचे नाहीत. पण ती आपोआप लागू होत नाही, प्रत्येक देशाला स्वतःचा कायदा करावा लागतो. आता तर जाहिरात मोबाइलवर 'सल्ला' बनून येते. त्यावर जबर दंड हवाच. आणि ज्यांना खरंच दूध पुरत नाही त्या आयांना कृपया कुणी बोल लावू नका, कायद्याचा रोख कंपन्यांवर आणि मालकांवर हवा.