अनंतावरची अळी आणि ‘नागपुरातला हमिंगबर्ड’

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन: पतंग दिवसा उडत नाहीत, म्हणून फोटोतला जीव हमिंगबर्डच; अनंताच्या झाडावरच्या अळीच्या शेपटीला विषारी काटा असतो; आणि अळीवर कीटकनाशक ‘फवारू नका’ हा माझा सल्ला झाडांच्या मुळावर येतो.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे फुलांवर येणारा इवला पक्षी म्हणजे शिंजीर. फोटोत मात्र मिशा आणि लांब सोंड स्पष्ट दिसते. हा सेफोनोडस हायलस, दिवसा उडणारा हॉक मॉथ, म्हणजे पतंगच. अनंतावरची अळी याचीच. कोषातून निघतो तेव्हा त्याच्या पंखांवर राखाडी खवले असतात. पहिल्या भरारीत ते झडतात आणि पंख काचेसारखे आरपार होतात. म्हणून उडताना हिरवट-पिवळं अंग, तांबूस पट्टा आणि मागचा काळा झुपका एवढंच नजरेत भरतं.

शेपटीवरचा काटा निरुपद्रवी आहे. त्यात विष नाही, अंगावर खाजरे केसही नाहीत.

झाडाबद्दलची तुमची काळजी मात्र रास्त आहे. फूटभर उंचीचं रोप दोन-तीन मोठ्या अळ्या सहज ओरबाडून टाकतात. अळी हिरवी असल्याने पानांत सापडत नाही. खाली पडलेल्या जाड, खाचदार लेंड्या पाहा आणि त्यांच्या नेमकं वर शोधा. ओढून काढू नका, पोटाखालच्या पायांची पकड घट्ट असते, अंग फाटतं. डहाळीसकट कापा आणि मोठ्या अनंतावर बांधा. गुलाब-जास्वंदावर सोडली तर ती उपाशी मरेल. तिला अनंत, गेळ, डिकेमाली अशी कॉफीच्या कुळातलीच झाडं लागतात. मोठ्या झाडाला थोडी पानं गेल्याने काही होत नाही, नवी पालवी येते.

तुम्ही लिहिलेली पिवळी पानं अळीमुळे नाहीत. अळी कडा कुरतडते. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर ती लोहाची कमतरता. अनंताला आम्लधर्मी माती हवी. नागपूरची काळी माती अल्कधर्मी, त्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. कुंडीत शेणखत आणि कोकोपीट वाढवा, चिलेटेड लोह (मुळांना शोषता येईल अशा रूपातलं लोह) द्या. डायमेथोएट हे कीटकनाशक फवारून पान हिरवं होणार नाही, अळी तेवढी मरेल, आणि अळी मेली की तुम्हाला फुलांवर आवडलेला तो पाहुणाही येणार नाही.

पूर्ण वाढलेली अळी रंग बदलून खोडावरून खाली उतरते. तिला पुन्हा झाडावर ठेवू नका. ती पालापाचोळ्यात किंवा मातीत जरा खाली कोष करते. पावसाळ्यात पतंग निघायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ती कुंडी खुरपू नका.